जरा जास्तच पळवलेला प्रोसेसर

मी प्रोसेसर बोलतोय. दिसायला बिस्किटाएवढा. पंख्याखाली दाबून बसवलेला असल्यामुळे मला सहसा कुणी पाहत नाही. कॉम्प्युटर बंद पडला की मात्र सगळ्यांना माझीच आठवण येते.

मल्लेशने मला नांदेडच्या दुकानातून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून हदगावला आणलं. तो लग्नांचं शूटिंग करतो, त्याची बायको वर्षाराणी एडिटिंग करते. सगळे तुकडे जोडून झाले की अखंड फिल्म तयार करायची, त्याला रेंडर म्हणतात. ते काम माझं.

मे महिन्यात हणमंतराव स्टुडिओत आले. त्यांच्या मुलीचं, अक्षराचं, लग्न झालं तेव्हा ते छातीत दुखून दवाखान्यात पडले होते. कन्यादान चुलत्याने केलं. आता दोन दिवसांनी ऑपरेशनसाठी त्यांना हैदराबादला न्यायचं होतं.

"त्याच्या आधी एकदा लगीन बघू द्या, ताई."

"हाव काका, देते," वर्षाराणी म्हणाली.

नेहमीच्या चालीने ते होणार नव्हतं. मग तिने सेटिंगमध्ये जाऊन कंपनीने ठरवलेल्यापेक्षा माझा वेग वाढवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की मला व्होल्टेज जास्त लागतं आणि व्होल्टेज वाढलं की मी तापतो. खोली आधीच तापलेली होती.

किरकोळ कामं मी झरझर केली. "अहो बघा, कसा पळून राहिला!" वर्षाराणी खूश झाली. मग तिने रेंडर लावलं. माझं तापमान शंभराला टेकलं, पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला.

तिने माझ्यावरची, उष्णता ओढून घेणारी पण आता वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, कॅबिनेटचं झाकण काढलं. मल्लेशने घरातला कूलर आणून समोर ठेवला.

"अहो, पाण्याची हवा आत चालली! हटवा तो!"

तो हटवला. पेस्टमुळे मी गार राहू लागलो, तरी पडदा निळा व्हायचाच. मी हट्टी नाही. त्या वेगाने माझे हिशेब चुकतात, एवढंच.

हणमंतराव पिशवी घेऊन आले तेव्हा पडदा निळाच होता. गाडी बाहेर उभी होती. वर्षाराणीने मला गुपचूप मूळ वेगावर आणलं. तिचा चेहरा पडला होता.

"काका, फिल्म न्हाई झाली. नुसतं शूटिंग हाय. गाणी न्हाईत, काही न्हाई."

"तेच लावा."

तिने लावलं. अंतरपाटाआधीचा तुकडा होता, फिल्ममधून तिने कापून टाकलेला. त्यात अक्षरा मल्लेशला म्हणत होती, "दादा, थांबा जरा. डोळे पुसू द्या. रडलेलं बाबाला दाखवू नका." तिने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि हसली. "हं. घ्या आता."

हणमंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला तर समदे म्हणले, पोरगी रडलीच न्हाई," ते म्हणाले. "मला लई लागलं होतं ते." थोड्या वेळाने म्हणाले, "पुन्हा लावा."

तिने पुन्हा लावलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. या कामाला माझी ताकद जवळजवळ लागलीच नाही.

ऑपरेशन नीट झालं. वर्षाराणीने तो तुकडा फिल्ममध्ये परत घातला, त्यावर गाणं टाकलं नाही. माझा वेग मूळपेक्षा एक पायरी वर ठेवला आहे. तेवढा मला झेपतो. कुणी आणखी चढवायला सांगितलं तर तुम्ही कृपा करून मध्ये बोला.

आज हणमंतराव फिल्म न्यायला आले आहेत. रेंडर अर्धंच झालंय.

"काका, वेळ लागल," वर्षाराणी म्हणाली.

"लागू द्या. डाक्टरनं मला नुसतं बसायलाच सांगितलंय."

ते खुर्ची ओढून पंख्याखाली बसले आहेत. मी कामाला लागतो.