रतनबाईंच्या तळपायातली पेशी

मी एक पेशी बोलतेय. रतनबाईंच्या उजव्या तळपायात, अंगठ्याच्या बुडाशी माझं घर आहे. डोळ्यांना दिसेन एवढी मी मोठी नाही, पण माझं काम मोठं आहे. वरच्या कातडीखाली मी आणि माझ्या बहिणी कोलॅजनचे चिवट धागे बनवतो. त्या धाग्यांच्या आधारावर कातडी टिकते. कुठे कापलं की आम्ही सरकत तिथे जायचो आणि बघता बघता खड्डा भरून काढायचो. उत्रोलीच्या खाचरात चाळीस वर्षं भात लावणाऱ्या पायाला किती वेळा लागलं, त्याची गणतीच नाही.

मग रक्तातली साखर वाढली. सात वर्षांपूर्वी भोरच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. रतनबाई गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की सोडायच्या. दुखत तर काहीच नव्हतं. इकडे आम्ही मात्र सुस्तावत गेलो. माझ्याकडून धागा कमी निघू लागला, आणि जुन्या धाग्यांना साखर चिकटून ते कडक, ठिसूळ झाले.

यंदा लावणीत बाटलीची काच पायात घुसली. रतनबाईंना कळलंच नाही. साखरेमुळे पायाच्या नसा केव्हाच बधिर झाल्या होत्या. संध्याकाळी सुनेला, नूतनला, मोरीतलं पाणी लाल दिसलं. तिने काच काढली. रतनबाईंनी वर हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरल्या.

जखमेकडून मला हाक येत होती. पूर्वी हाक आली की मी लगेच निघायचे. आता माझं पाऊलच उचलेना. आमच्या आधी जंतू पोचले. सूज हटेना, आणि त्या झटापटीत आम्ही घातलेले थोडेफार धागेही कुरतडले गेले. तीन आठवड्यांत जखम रुपयाएवढी झाली. तिला वास यायला लागला.

नूतनने मग काही ऐकलं नाही. सासूला एसटीत बसवून भोरला नेलं. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि स्पष्ट सांगितलं, हाडापर्यंत गेली तर अंगठा काढावा लागेल. इन्सुलिन घ्यायचं, पट्टी बदलायची आणि त्या पायावर भार द्यायचा नाही.

एवढ्याशा जखमेला एवढं का, असं रतनबाईंनी विचारलं. पट्टी बांधणाऱ्या शेफाली सिस्टर म्हणाल्या, "मावशी, मलम जखम भरत नाही. तुमचंच मांस ती भरतं. साखर जास्त असली की त्याला काम होत नाही."

आमच्याबद्दल कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं.

परतताना रतनबाई नूतनला म्हणाल्या, "पाय माजा हाय. म्याच बिगडवला, म्याच नीट करीन."

सुई पोटात टोचायला त्या स्वतः शिकल्या. चहातली साखर गेली. साखरेचा आकडा उतरू लागला तशी मला थोडी तरतरी आली. जखमेच्या तळाशी लाल, ओलसर मांसाचे दाणे दिसू लागले.

भादव्यात मोठ्या पावसाने बांध फुटला. नूतन माहेरी गेली होती. भाताचं पाणी वाहून चाललेलं बघून रतनबाई उठल्या, खोरं घेतलं आणि तासभर त्या पायावर उभ्या राहिल्या. आमचे सहा आठवड्यांचे कोवळे धागे त्या एका तासात चिरडले गेले.

पुढच्या पट्टीच्या वेळी सिस्टरने पट्टी सोडायच्या आधीच रतनबाईंनी सांगून टाकलं, "लपवायचं न्हाई. म्या बांधावर गेले व्हते." सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी जखम मोजली. ती पुन्हा वाढली होती.

रतनबाईंच्या शेतात परक्याचा विळा कधी शिरला नव्हता. घरी आल्यावर त्यांनी शेजारच्या कोंडिबाला बोलावून घेतलं आणि यंदाची कापणी त्याच्यावर सोपवली. कापणी चालली तेव्हा त्या ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. डोळे पुसत होत्या, पण उठल्या नाहीत.

मग आम्हीही हटलो नाही. धाग्याला धागा जोडत गेलो. वरच्या कातडीच्या पेशी कडेकडेने पुढे सरकल्या. पौषात जखम मिटली. अंगठा वाचला.

मात्र हा वण पूर्वीच्या कातडीइतका बळकट कधीच होणार नाही. साखर उतरली तरी माझी सुस्ती पुरती गेलेली नाही. म्हणून रतनबाई आता अनवाणी फिरत नाहीत, आणि रोज सकाळी आरशात दोन्ही तळवे बघतात.

परवा शेजारच्या धोंडाबाई आल्या. त्यांनाही साखर आहे. पायाला मुंग्या येतात, बाकी दुखत-खुपत काही नाही, असं त्या हसत सांगत होत्या.

"दुकत न्हाई, त्येच तर वंगाळ," रतनबाई म्हणाल्या. "चप्पल काढ. पाय हितं ठेव, माज्या मांडीवर."

धोंडाबाई लाजल्या, पण पाय ठेवला. त्या तळव्यातही माझ्यासारख्याच कुणीतरी राबत असतील, तुमच्याही तळव्यात आहेत. आम्हाला ओरडता येत नाही. तळवे तेवढे तुम्ही बघा, विणायचं काम आमच्याकडे.