बापाच्या समाधीचा गोटा

माह्या बापाच्या समाधीचा गोटा मी ह्या हातानं नदीत फेकला. आधीच सांगून टाकतो. मंग तुमाले काय म्हणायचं ते म्हणा.

छप्पन साली नागपूरले आमी धम्म घेतला अन् गावात परतलो, तं अंगात नुसतं वारं भरलेलं. घरातले देव उचलले, नदीच्या डोहात टाकले. एवढ्यावर थांबाचं ना! मसनवटीत आमच्या पाच-सात पिढ्या पुरल्या होत्या. हरेकाच्या उशाशी एक गोटा, अन् आखाजीच्या सणाले त्याले शेंदूर. आमाले शेंदूर दिसला का देवच दिसे. एका दुपारी आमी पंधरा-वीस जवानायनं सारे गोटे बैलगाडीत भरले अन् डोहात ढकलले. पलटणीतल्या तीन शिपायायच्या समाध्या चुन्यात बांधलेल्या होत्या. त्या उपटल्या नाहीत, म्हणून राह्यल्या.

माही माय पंचफुला तवा अंजनगावले मामाच्या घरी होती. आल्यावर तिनं इचारलं, "श्रावण, तुह्या बापाचा गोटा कुठं गेला रे?"

"पुरात गेला असन," मी म्हणलं.

तिचं एकच मागणं होतं. "मले त्याच्या बाजूले ठेवजो."

एकसष्ट साली मसनवटीच्या जागेवर मोटार स्टँड होणार अशी बोंब उठली. आमी मोर्चा नेला. मंग नगरपालिकेचे अध्यक्ष महादेवराव वकील सोता वस्तीत आले. "ही मसनवटी शूर माणसांची आहे, गावाचा जुना ठेवा आहे," म्हणाले. "एकाही समाधीला धक्का लागणार नाही. भोवती भिंत बांधून देऊ. माझा शब्द आहे." आमी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या, सांगाले लाज वाटते.

पुढच्या महिन्यात ओव्हरशिअर आला, फीता अन् चुना घेऊन. तीन समाध्या मोजल्या, अन् त्यायच्या भोवती चुन्याची रेघ माराले लागला.

"बाकीच्या कुठे आहेत?" त्यानं इचारलं.

माय काठी टेकत पुढं गेली अन् निंबाच्या झाडाच्या अलीकडं उभी राह्यली. "इथं माहा नवरा हाये साहेब. देवमन."

"खूण काय, आजी?"

"गोटा होता."

"आता तर नाही. हे बघा, गोटा होता आणि अमक्यानं काढला, असं कोणी चारचौघांत सांगितलं तरी मी लिहून घेतो. रेघ इकडून फिरवतो."

माणूस वाईट नव्हता. मायनं मागं वळून माह्याकडं पाह्यलं. "सांग ना रे, श्रावण."

गाडी भरणारे सारे तिथंच होते, आपापल्या पायाकडं पाहून राह्यले होते. अन् मी? विहारात तासतासभर भाषण ठोकणारा मी! आता तोंड उघडलं तं मायले कळन, तिच्या नवऱ्याचा गोटा तिच्याच पोरानं फेकला.

"मले माहीत नाही," मी म्हणलं.

चुन्याची रेघ तिच्या पुढून गेली. "बाजूला व्हा, आजी," ओव्हरशिअर म्हणाला, तवा कुठं ती हलली.

भिंत झाली. शब्द पाळला बाप्पा त्यायनं, तीनही समाध्याले धक्का नाही लागला! भिंतीबाहेर मुरूम टाकला, अन् निंबाखाली अकोल्याची मोटार उभी राहू लागली. माह्या बापाच्या छातीवर. आठ दिवस मले घास गेला नाही. नवव्या दिवशी माय दाळ निवडून राह्यली होती, तिच्यापुढं बसलो अन् सारं ओकलो. गाडी, डोह, सारं.

तिचा हात थांबला नाही. "मले माहीत होतं," ती म्हणाली. "अंजनगावाहून आली त्याच दिवशी तुमची गाडी हाकणाऱ्या भागीरथानं सांगतलं. गोट्याचा राग तं कवाच गेला माहा. जवान होते, केलं. पण त्या दिवशी तू साहेबापुढं बोलशीन म्हणून मी तिथं उभी राह्यली होती, लेका."

मी रडत तिचे पाय धरले. तिनं ते हळूच सोडवून घेतले.

"आता मले कुठंबी पुरजो," ती म्हणाली.