लाइट यायच्या आत

सकाळी आपल्या हातून काय झालं, ते नरेंद्रला दुपारी राहनाळच्या गोडाउनात कळलं. तेही दुसऱ्याच्या तोंडून.

सकाळी तो नळाच्या कामाला टेमघरला गुणाबाईंच्या घरी होता. घर जुनं आणि नळाची लोखंडी लाइनही तितकीच जुनी. अंगणातल्या मातीखाली ती इतकी सडली होती की पाणी चहाच्या रंगाचं यायचं. गुणाबाईंचा मुलगा केसरीनाथ म्हणाला होता, "सगळी उपटून टाक नि तो नवा काळा पाइप टाक." त्या वर्षी भिवंडीत जो तो हाच पाइप मागत होता. प्लास्टिकचा असल्यानं वेटोळं खांद्यावर टाकून आणायचा आणि पाहिजे तसा वाकवायचा. आटे पाडायची कटकट नाही, गंजायची भीती नाही. नरेंद्रनं रस्त्यापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंतचं लोखंड काढून तिथं काळा पाइप पुरला. न्हाणीतली लोखंडी लाइन अजून धड होती, ती तशीच राहू दिली. भारनियमनामुळं लाइट नव्हती, म्हणून पाण्याची मोटर काही चालवून बघता आली नाही.

"आजी, लाइट आली की मोटर लावून बघा. कुठं गळलं तर सांगा."

"जा तू. लाइट आली का मोटर लावीन न आंगोल करीन," गुणाबाई म्हणाल्या. "त्या मोटरीला हात लावला का मुंग्या येतान कंदी कंदी."

"जुनी झाली, आजी," असं म्हणून तो हसला होता आणि केसरीनाथच्या गोडाउनातल्या कामाला गेला होता.

तिथं संडासाची लाइन बदलायची होती. नरेंद्रनं लोखंडी पाइपवर करवत ठेवली, तेवढ्यात शिडीवरचा वायरमन म्हणाला, "ए, थांब. त्या पाइपला मोटरची अर्थिंग बांधलीय. लोखंड जमिनीत गेलंय म्हणून चालतं. तू मध्ये प्लास्टिक घातलंस तर मोटरीतून गळणारा करंट जाणार कुठं? नळातच उतरेल."

नरेंद्रचा हात जागच्या जागी राहिला. गुणाबाईंच्या मोटरीच्या पायापासून निघून न्हाणीतल्या पाइपला गुंडाळलेली तांब्याची तार त्याला लख्ख आठवली. सकाळी ती त्यानं पाहिली होती, बोटानं बाजूला सारून काम केलं होतं. आता त्या लोखंडाला जमीन उरली नव्हती. मुंग्या आणणारी ती मोटर चालू झाली की न्हाणीतल्या नळात करंट उतरणार होता.

केसरीनाथ टेबलाशी बसला होता. नरेंद्र त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"शेठ, घरी फोन लावा. आजींना सांगा, मोटर लावू नका, नळाला शिवू नका."

"का रे? काय झालं?"

"आधी लावा."

घंटी वाजत राहिली. केसरीनाथनं परत लावला, परत नुसती घंटी. "आयला ऐकाला येत न्हाय. बायको पोरांना घेऊन माहेरी गेलीय. घरात ती एकटीच हाय." मग त्यानं नरेंद्रच्या तोंडाकडं पाहिलं आणि मोटारसायकलची किल्ली उचलली.

नाक्यावर कंटेनर आडवे लागले होते. त्यांच्यामधून वाट काढताना केसरीनाथनं मान न वळवता विचारलं, "आता तरी बोलशील?"

नरेंद्रनं सांगितलं. केसरीनाथनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं फक्त गाडी वेडीवाकडी पळवली.

यंत्रमागांची, लूमची गल्ली लागली. कारखाने बंद होते. कारागीर बाहेर ओट्यांवर चहा पीत, विड्या ओढत बसले होते. ती शांतता बघून नरेंद्रच्या जिवात जीव आला. हे बसलेत म्हणजे लाइट आलेली नाही. बसा रे बाबांनो, तो मनात म्हणत होता, अजून थोडं बसा.

गल्ली संपायच्या आतच कुणीतरी आतून ओरडलं, "आ गई, आ गई!" माणसं उठली. एका मागावर खटका पडला, मग दुसऱ्यावर, आणि बघता बघता दोन्ही बाजूंच्या भिंती थरथरू लागल्या. पाळण्यात असल्यापासून हा आवाज नरेंद्रच्या कानात होता. त्यानं केसरीनाथचा सदरा मुठीत धरला.

घरी पोचले तर दाराला आतून कडी होती. मागून मोटरीची घरघर येत होती.

"आये! ए आये!" केसरीनाथ दारावर धडका देऊ लागला. तो न्हाणीच्या बाजूनं धावला, तसा नरेंद्रनं त्याचा दंड पकडला. "ओल्यात पाय टाकू नका, शेठ. थांबा." मीटर ओटीवरच होता. नरेंद्रनं त्याच्या पेटीचा वाकडा झालेला पत्र्याचा दरवाजा ओढून उघडला आणि दोन्ही फ्यूज उपटून काढले.

मोटर घरघरत बंद पडली. पाण्याची धार तेवढी ऐकू येत होती.

केसरीनाथनं मागचं दार लाथेनं उघडलं. गुणाबाई न्हाणीच्या भिंतीला टेकून पडल्या होत्या, बादली लवंडलेली. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली होती. डोळे उघडे होते.

"नलान धरली मना," त्या म्हणाल्या. आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "सोडीतच नव्हता. मंग एकदम सोडलान."

एकदम कधी, ते दोघांनाही कळलं.

डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. नाडी मध्येच चुकत होती, ती हळूहळू सुधारली. जीव वाचेल, म्हणाले, बोटांचं मात्र बघावं लागेल. केसरीनाथ बाहेर येऊन नरेंद्रच्या शेजारी बाकावर बसला.

"तार दिसली नव्हती तुला?"

"दिसली होती, शेठ. कशाची ते विचारलं नाही."

केसरीनाथनं तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "आमच्या भावकीत आणखी कुणाकुणाकडं टाकलायस तो पाइप?"

नरेंद्रच्या डोळ्यांपुढून ती घरं मघापासून एकेक करून जातच होती. तो उठला. "चला," म्हणाला. "वायरमनलाही बोलवा."

घरोघर जाऊन त्यांनी मोटरी बंद करायला लावल्या. त्यातल्या ठकुबाईंकडं तशीच तार निघाली. त्यांची सून नुकतीच पाणी भरून उठली होती. प्लास्टिकच्या चपला होत्या म्हणून तिला नुसतं झिणझिणलं होतं. ती हसत सांगत होती आणि नरेंद्रला तिच्याकडं बघवत नव्हतं.

शेवटचं घर लडकूचं. त्याला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, लग्नाला गेलेत, येतील आता. केसरीनाथला दवाखान्यात परतायचं होतं. "तू जा घरी, मी फोन करीन लडकूला," तो म्हणाला.

नरेंद्र गेला नाही. वायरमनला थांबवून घेऊन तो लडकूच्या ओट्यावर बसला. दिवस कलला. रिक्षा आली, पोरं उतरून धावत दाराशी आली, लडकूनं किल्ली काढली. नरेंद्र उठला आणि दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवा उभा राहिला.

"लडकूभाऊ," तो म्हणाला, "आधी आम्हाला आत जाऊ द्या."