बेल्त्रानसमोर श्वास धरून

क्विटोच्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानात मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, पारखायला बेल्त्रान होता. बेल्त्रान म्हणजे काउंटरवरचा मेलेला भुंगेरा. दुकान उघडल्यापासून तिथंच बसलेला, त्यामुळं नोकरीत सर्वांत जुना. जुनं गिऱ्हाईक असलेल्या आबेलार्दोंनी आत येताच आधी त्याला नमस्कार केला, मग मालकाला.

मिंदो गावच्या दमट हवेत त्यांच्या लेन्सला बुरशी धरली होती. डोळ्यांचंही तसंच काहीसं झालं होतं, पण डोळे दुकानात मिळत नाहीत. आज नीट दिसलं नाही तर कॅमेरा कायमचा पेटाऱ्यात, असं त्यांनी बसमध्येच जाहीर केलं होतं, एस्पुमियाचा गोड फेस मिशीला लावून.

मुलगी नूबे अभ्यास करून आली होती. इतक्या जवळून फोटो काढायचा तर लेन्सचं भोक बारीकच करावं लागतं, अकराच्या आकड्यावर. नाहीतर भुंगेऱ्याची एक मिशी स्पष्ट आणि बाकीचा धुक्यात. काउंटरवर दोन लेन्स होत्या, चारची आणि दोन पॉइंट आठची; आकडा लहान तितकं भोक मोठं. मग भोक जास्तीत जास्त चारपर्यंत उघडलं काय न् दोन पॉइंट आठपर्यंत उघडलं काय? शिवाय चारची लेन्स हलकी होती. मालक हेरिबेर्तोंना ते पटलं. त्यांना सगळंच पटत असे.

आबेलार्दोंनी चारची लेन्स लावून डोळा टेकवला.

"बेल्त्रान गेला वाटतं."

"तो कधीचाच गेलाय, सेन्योर."

"तसा नाही हो. आत संध्याकाळ झालीय."

नूबेनं दोन पॉइंट आठची जड लेन्स पुढं केली. "बाबा, फोटो दोन्हींत सारखाच येणार."

"फोटो तुम्हा लोकांसाठी गं. भोक बारीक होतं ते बटण दाबल्यावर. तोवर मी उघड्या भोकातून बघत असतो ना, मोठं तेवढा उजेड."

त्यांनी जड लेन्स लावली, फोकसचं कडं फिरवलं आणि पुटपुटले, "श्वास."

हा शब्द नूबेची आई, सोइला, गेल्यापासून घरात उमटला नव्हता. परसातली ऑर्किडची फुलं नखाएवढी, फुंकरीनंसुद्धा हलायची. 'श्वास' म्हटलं की सोइला, नूबे, घरी आलेले पाहुणे, सगळे गाल फुगवून उभे. एकदा पाद्रीबाबा निळे पडले होते.

नूबेचा श्वास आपोआप थांबला. हेरिबेर्तोंचाही. बेल्त्रानचा थांबलेलाच होता.

"पायांवर केस आहेत अजून," आबेलार्दो म्हणाले. "सोइला इथं आली की म्हणायची, याला एकदा न्हाव्याकडं न्या."

ते बघतच राहिले. बटण काही दाबेनात. नूबेचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. तिनं जड लेन्सच्या खोक्याकडं बोट दाखवलं. हेरिबेर्तोंनी फुगलेल्या गालांनीच मान डोलावली आणि बांधायला दोरी शोधू लागले.