धुण्याच्या दगडाखाली

अंगणात एक धुण्याचा दगड.

खाली नदीकाठी, मांजर्लीत, दुसऱ्या मजल्यावर रिकामा फ्लॅट.

पिंपळाचं रोप, कमरेएवढं, करपलेलं.

दक्षिणेतून, सेलमहून आलेली बोअरची गाडी.

खरवईच्या टेकाडावर नळाचं पाणी चढत नाही. जनाबाईच्या अंगणातली पहिली बोअर कोरडी गेली, तेव्हा तिने तिच्यावर लोखंडी झाकण टाकलं, वर दगड ठेवला आणि टँकरच्या पाण्यात त्यावर धुणं धुऊ लागली. आज अंगणाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी बोअर. हीही कोरडी गेली तर घर विकून तो फ्लॅट घ्यायचा, असं मुलाचं, महेंद्रचं, म्हणणं.

"मांजर्लीत पाण्याची ददात नाही, आई."

"नाहीच. पावसाळ्यात जिना चढून येतं."

गाडीवाल्याने नारळ मागितला.

"आमच्यात नारळ फोडत नाहीत, अण्णा. चहा घ्या."

"चाय में भी पानी है," म्हणत तो प्यायला.

मग धूळ.

गाडीने खाली दाबलेल्या हवेबरोबर काळा दगड करड्या पिठासारखा वर येत राहिला. पिंपळावर, भांड्यांवर, भुवयांवर. मध्येच विटकरी भुकटी आली: लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबून दगड झालेली माती. पुन्हा करडं. ओल नाही.

महेंद्रने हाताने खूण केली, पुरे.

तेवढ्यात धुण्याच्या दगडावरची साबणवडी उडून खाली पडली.

जनाबाईने दगडावर तळहात टेकला. दगड थरथरत होता. झाकणाच्या कडेने गार हवा सुटली होती, कधी उजेड न पाहिलेल्या जागेच्या वासाची.

"अण्णा, इथून वारा येतोय."

गाडीवाला आला, गुडघ्यावर बसला, झाकणाच्या कडेला कान लावला. "अपनीच हवा है, अम्मा. उधर से डाली, इधर निकली. नीचे रस्ता है."

"मग थांबू नका."

आणखी एक रॉड उतरला. वाऱ्याचा आवाज घोगरा झाला. दगड कलंडला, झाकण घरंगळलं आणि मेलेल्या बोअरमधून पाणी उभं राहिलं. आधी लाल, मग करडं, पिंपळाहून उंच. इतकी वर्षं ती ज्या दगडावर कपडे आपटत होती, त्याच्या खाली अखंड कातळ नव्हताच. वाटा होत्या. अंधारात, कुणासाठीही नसलेल्या.

जनाबाई भिजत उभी राहिली. महेंद्रने चपला काढल्या.

फ्लॅट घेतो, असा निरोप त्याने सकाळीच, गाडी यायच्या आधी, देऊन टाकला होता.