दोन बोटं डावीकडे

मी एक अंतराळयान आहे. लाकडाचं. हसू नका, तुमच्याआधी पुष्कळ जण हसून गेलेत. ज्या खोलीत मी जन्मलो, तिच्या दारातून मला तिरपं करून बाहेर काढावं लागलं, तिथे मी आकाशात कुठला जातोय! पण सूर्य जिथून नुसता ठळक ताऱ्याएवढा दिसतो, तिथे आज जे धातूचं यान चाललंय, ते माझं धाकटं भावंड. आधी माझ्या अंगावर सगळं बसवून पाहिलं, मग त्याच्या.

मला घडवलं सुतारकाकांनी. दारं-खिडक्या करण्यात त्यांची हयात गेली होती. माझं चित्र उलटसुलट करून पाहत त्यांनी विचारलं, "बाई, याला पुढची बाजू कुठली?"

बाई म्हणजे आमच्या मुख्य. यानाची सगळी आखणी त्यांची. त्या म्हणाल्या, "काका, याला पुढची बाजू नाही. चारही बाजू सारख्या."

"मग पाहुण्यांनी यायचं कुठून?" काकांनी विचारलं, आणि बाई हातातली पट्टी खाली ठेवून हसत सुटल्या. अजून ते हसू आठवलं की मला भुशाचा वास येतो.

चारही बाजू सारख्या असायला कारण होतं. धाकट्याला दोन कामं होती. एक म्हणजे लांबच्या ग्रहांचे फोटो काढून पाठवायचे. दुसरं बाईंच्या जिव्हाळ्याचं. वाटेत इंजिन बंद ठेवून, कुणी ढकलत नसताना ते कसं जातं हे पाहायचं. गुरुत्वाकर्षणाच्या गणितानं सांगितलेल्या वाटेनंच गेलं, तर गणित खरं. केसभर जरी सरकलं, तरी गणितात काहीतरी राहून गेलंय. मात्र यानातली ऊब एका बाजूनं जास्त बाहेर पडली, तर तेवढ्यानंही त्याला बारीकसा धक्का बसतो. म्हणून ऊब जाईल ती सगळीकडून सारखी जायला हवी, असा बाईंचा हट्ट.

त्यांचा आणखी एक दंडक होता. माझ्यावरची कुठलीही वस्तू हलवली, तर का हलवली ते तिथेच पेन्सिलीनं लिहायचं. खाली बाई सही करणार, मगच नकाशा बदलणार. वर्षभरात माझं अंग शाळेतल्या बाकासारखं भरून गेलं. सगळ्यांत जास्त लिहायचा शिंपी. तो खरं तर वायरींचा कारागीर, पण मेणाच्या दोऱ्यानं वायरींच्या जुड्या इतक्या सुबक बांधायचा, की त्याला तेच नाव पडलं.

एका दुपारी हीटरची पेटी बसवताना शिंपी अडला. तिथे माझ्या लाकडात गाठ होती. स्क्रू काही केल्या आत जाईना. दोनदा वाकला, एकदा त्याच्या अंगठ्यात घुसला. त्यानं पेटी दोन बोटं डावीकडे सरकवली आणि माझ्यावर सगळं नीट लिहिलं. बाईंना कुठेतरी जायची घाई होती. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. नकाशा काढणाऱ्यानं तेवढं माप उतरवून घेतलं. आणि धाकट्याच्या पोटातही पेटी दोन बोटं डावीकडे बसली. धातूला कुठे गाठ असते हो!

धाकटं उडालं. ते दिवस काय सांगू! पहिल्या ग्रहाचा फोटो आला तेव्हा काका मला थोपटून म्हणाले, "बघ, तुझा भाऊ कुठे पोचला." मग हळूहळू माणसं पांगली. काका गेले, शिंपी निवृत्त झाला. मला कोठारात नेलं, माझ्यावर खोकी ठेवली, गाठ आणि तिच्याजवळचं लिखाण त्यांच्याखाली झाकलं गेलं.

बाई मात्र यायच्या, स्टूल ओढून बसायच्या. धाकटं केसभर सरकत होतं. गणितातली खोट सापडली, की आपलीच काही चूक झाली? ते सरकणं खरं असेल, तर बाईंनी जगाला नवं काही दिलं. चूक असेल, तर काहीच नाही. एकतीस वर्षं त्यांनी नकाशे तपासले, पण नकाशात माप होतं, कारण नव्हतं. मला उत्तर ठाऊक होतं. लाकडाला तोंड नसतं, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

तीनेक महिन्यांपूर्वी कोठार रिकामं करायचा हुकूम आला. बाईंची भाची आता त्यांच्या जागेवर काम करते. ती मावशीला शेवटचं भेटवायला माझ्याकडे घेऊन आली. खोकी उतरवली, फडकं फिरवलं, आणि ती थबकली.

"मावशी, हे वाचलंस का? 'इथे गाठ. स्क्रू जात नाही. पेटी दोन बोटं डावीकडे. धातूत गरज नाही.' खाली तुझी सही आहे."

बाईंनी माझ्या गाठीवर बोट ठेवून ते स्वतः पुन्हा वाचलं.

भाचीनं दोन महिने हिशेब केला. पेटीची ऊब एका बाजूला झुकत होती. तेवढा धक्का वजा केला, तर धाकटं अगदी गणिताच्या वाटेनं चाललं होतं.

"वाईट वाटतंय ना ग?" मावशीला पुन्हा माझ्याकडे आणून तिनं विचारलं.

"वाटतंय," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं वाट पाहिली, वाटणारच. पण गणित इतक्या लांबही खरं उतरलं, हे आपण दाखवलं की नाही? पेन्सिल दे."

आपल्या जुन्या सहीखाली त्यांनी लिहिलं, 'कारण उशिरा वाचलं.' आणि पुन्हा सही केली.

आता मला दर्शनी दालनात ठेवणार आहेत म्हणे. पॉलिशवाला उद्या येतोय. त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की बाबा रे, बाकी सगळीकडे चकचकीत कर, पण या गाठीजवळ पॉलिशपेपर लावू नकोस. धाकटं काही परत येणार नाही. त्याची पेटी दोन बोटं डावीकडे का आहे, हे फक्त इथेच लिहिलेलं आहे.