खोलीचा आवाज

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी आईने मलाच सांगितलं. तिचं तरी काय चुकलं? पोटच्या पोरीला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?

आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाला आठवड्यातून एक दिवस बाहेर कुठल्यातरी कामाच्या जागी पाठवतात, शिकायला. कोणी दवाखान्यात गेलं, कोणी वकिलाकडे. मी हट्ट करून सिनेमावाल्यांकडे गेले. मैत्रिणींना वाटलं, हिची चंगळ आहे. कसली डोंबलाची चंगळ! टायरच्या दुकानावर दोन खोल्या, एक डुगडुगणारं टेबल आणि माणसं दोन. सिनेमा करणारी ताई आणि कॅमेरावाला लंबू. स्वतंत्र सिनेमा म्हणजे काय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मागे कोणी शेठ नसतो, म्हणून केरसुद्धा आपणच काढायचा.

ताईचा सिनेमा होता दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणाऱ्या बायकांवर. माझं काम संशोधनाचं. म्हणजे अशा बायका शोधायच्या, त्यांच्याशी आधी गप्पा मारायच्या आणि जे कळलं ते ताईला येऊन सांगायचं. मग कॅमेऱ्यासमोर ताई तेच विचारते, पण असं, की जणू तिला काहीच ठाऊक नाही. बाईला वाटतं, आपण आपल्या मनानेच बोलतोय. मला ही युक्ती फार हुशारीची वाटायची.

माझी आईसुद्धा हेच काम करते. तिचं नाव मीच सुचवलं होतं. पण मी आणलेल्या बाकीच्या गोष्टी अगदीच पांचट निघाल्या. कंबर दुखते, सुट्टी मिळत नाही, म्हातारा चावतो. ताई म्हणाली, "ठीक आहे गं, पण आतलं काही?" लंबूने मोठी जांभई दिली. ती जांभई मला झोंबली.

आणि मी बोलून गेले. आई आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो तेव्हाची गोष्ट. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती म्हणाली होती, "तुझ्या आजीचा शेवटचा फोन मी कट केला होता. कामावरच्या म्हातारीला नुकतं झोपवलं होतं. बघितलं, आईचा फोन. म्हटलं, आता पुन्हा गुडघ्याचं रडगाणं. कापला. संध्याकाळी शेजारणीचा फोन आला, की ती गेली." मग चादर माझ्या हातातून घेत म्हणाली, "दादाला कळू देऊ नकोस."

दादा म्हणजे माझा मामा. त्याला आईने सांगितलं होतं की कामावर फोन कपाटात ठेवायला लावतात. मामा पडला तापट. त्याने त्या घरी जाऊन त्या लोकांना उभं-आडवं झापलं, "तुमच्या नियमापायी माझी आई गेली!" आईचं ते काम सुटलं. ती गप्प बसली. आजतागायत मामा येईल त्याला सांगतो, माझ्या बहिणीचा काही दोष नाही.

हे सगळं मी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "बापरे." लंबूची जांभई थांबली. मी खुशीत घरी आले. खरंच सांगते, खुशीत.

रविवारी शूटिंग आमच्याच घरी ठरलं. आईने पडदे धुतले. आणि मामा आला! इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. "म्हटलं बघावं तरी, माझी बहीण हिरॉईन कशी दिसते."  ताईला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं की तेवढं विचारू नका. मी दोनदा तिच्याजवळ गेले. दोन्ही वेळा तिने विचारलं, "माईक लावलास का?" मी म्हटलं, लावते. सांगायचं म्हणजे मी आगाऊपणा केला हे कबूल करावं लागणार होतं. भित्री कुठली!

माणसं कमी, म्हणून आवाजाची बाजू माझ्याकडे. आईच्या कॉलरला बिनतारी माईक, माझ्या कानावर हेडफोन. मामा कोपऱ्यात स्टुलावर, हलायचं नाही या अटीवर. आई छान बोलली. हसली. मग ताईने आवाज हळू केला. "तुमच्या आई गेल्या त्या दिवशी, त्यांचा फोन आला होता ना? तेव्हा तुम्ही काय केलंत?"

आईने ताईकडे बघितलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ओळखीच्या गल्लीत कुत्रं चावलं तर माणूस जसं बघेल, तसं बघितलं. 

"फोन कपाटात होता," ती म्हणाली. "त्यांचा नियम होता."

ताई गोंधळली. "नाही, पण तुमच्या मुलीने तर सांगितलं की तुम्ही तो..."

"मी रचून सांगितलं," मी म्हटलं. "ताई, ते खोटं होतं. तुम्हाला आतलं काहीतरी हवं होतं म्हणून."

मामाचं स्टूल करकरलं. ताई माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "माझ्याकडे बाकी सगळं चालतं. हे नाही चालत." तिने कॅमेरा थांबवायला सांगितला. "फक्त खोलीचा आवाज घेऊ आणि निघू."

खोलीचा आवाज म्हणजे शूटिंग संपल्यावर मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसायचं. रिकाम्या खोलीचाही एक आवाज असतो, तो पुढे सिनेमाचे तुकडे जोडताना लागतो. तसे आम्ही बसलो. मामा लालबुंद, ओठ गच्च मिटलेले. आई मांडीवर हात ठेवून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि कानात आईचा श्वास चालला होता.

मिनिट संपल्याबरोबर मामा उसळला. "आजीच्या मरणावर गोष्टी रचतेस? शिकायला पाठवलं की हे शिकायला? लाज आहे का काही?" मी मान खाली घातली. लाज होतीच, फक्त वेगळ्या गोष्टीची.  आई उठून स्वयंपाकघरात गेली. मामा तिच्यामागे बडबडत गेला, "फार लाडावून ठेवलीयेस तू हिला."

ताई आणि लंबू दिवे उतरवत होते. हेडफोन अजून माझ्या कानावर होते आणि माईक आईच्या कॉलरला. आतून स्पष्ट ऐकू आलं.

"दादा, तिला काही बोलू नकोस. तिने रचलेलं नाही."

पुढे मामाचं, "म्हणजे?"

मी हेडफोन ओरबाडून काढले आणि रेकॉर्डर बंद केला. सगळं ऐकायची मला एवढी हौस, पण पुढचं एक अक्षर मी ऐकलं नाही. आजही मला माहीत नाही आईने त्याला कुठल्या शब्दांत सांगितलं.

मामा बाहेर आला तेव्हा चेहरा पार उतरला होता. माझ्या डोक्यावर त्याने नुसता हात ठेवला आणि आईकडे न बघता चपला घालून गेला. चहा ओट्यावर तसाच राहिला. पाठोपाठ आई आली, कॉलरचा माईक काढून माझ्या हातात दिला. "हे तुझं," म्हणाली.

ताईकडचं माझं काम तेव्हाच संपलं. शाळेत मी सांगितलं की माझ्याच चुकीने संपलं, आणि ते खरंच आहे. आई माझ्याशी नीट बोलते. भाजी काय करायची, दप्तर कुठे टाकलंस, असलं सगळं. चादरींच्या घड्या मात्र आता ती एकटीच घालते, हनुवटीखाली टोक धरून. मी हात पुढे केला तर म्हणते, "राहू दे, झालंच."

मामाचा रोज फोन यायचा, तो तेव्हापासून आलेला नाही. आईने केला तर तो उचलत नाही. ती भांडी घासताना फोन नळाजवळ उभा करून ठेवते. वाजला की ओल्या हातानेच उचलते, पहिल्याच रिंगला. बहुतेक वेळा कुठल्यातरी कंपनीची बाई असते, काहीतरी विकणारी. आई तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेते. स्वतःहून कट करत नाही.